जयभीमवाले घरमालक

भाडं तीन हजारांचं साडेचार हजार झालं. कागद नाही, नोटीस नाही. मालक जिन्यावरून खाली आले, दारातच थांबले, आधी जयभीम घातला आणि मग म्हणाले, "एक तारखेपासून साडेचार. महागाई किती वाढली, पाहताच आहात." माझा बाप खाटेवरून उठून उभा राहिला होता. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. तो म्हणाला, "हाव साहेब."

मला लिहायचं आहे ते या 'हाव साहेब'बद्दल.

दोस्तहो, मालक पाटील-देशमुख असता तर तुम्ही दुसरी ओळ वाचायच्या आधीच मुठी आवळल्या असत्या. अडचण अशी आहे की मालक आपला आहे. गच्चीवर निळा झेंडा आहे. बैठकीत बाबासाहेब आहेत, बुद्ध आहे, आणि दोघांच्या मधोमध निवृत्तीच्या दिवशी खात्यानं दिलेलं सन्मानचिन्ह आहे. १४ एप्रिलला हा माणूस पाच हजार वर्गणी देतो आणि त्याची पावती मागून घेतो. भाड्याची पावती मात्र त्यानं आम्हाला आजवर दिलेली नाही.

एका छताखाली दोन पेन्शनर राहतात. वरच्याची पेन्शन सरकारी, जुनी. शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. भाव वाढले की वर्षातून दोनदा, जानेवारीचा आणि जुलैचा, भत्ता सुधारतो. थकला तर थकबाकीसकट येतो. मिळायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खालचा पेन्शनर म्हणजे माझा बाप. जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत कापसाची धूळ फुफ्फुसात भरून २०१४ साली तो बाहेर पडला. त्याची पेन्शन ईपीएस ९५ ची. नोव्हेंबर १९९५ मध्ये ही योजना आली. कारखानदार भविष्यनिधीत जो वाटा भरतो, त्यातले पगाराच्या ८.३३ टक्के इतके पैसे पेन्शनच्या खात्यात जातात. पगार कितीही असो, तेव्हा हिशेब ६,५०० वरच. सूत्र सोपं आहे, शाळेतल्या पोरालाही येईल: ६,५०० गुणिले एकोणीस वर्षं भागिले सत्तर. झाले १,७६४. पंचाण्णवच्या आधीच्या नोकरीचे थोडे धरून १,८४० रुपये.

२०१४ साली १,८४०. आजही १,८४०. तेव्हापासून तूरडाळ, सिलेंडर, बीपीची गोळी, सगळं वर गेलं. हा आकडा तिथंच बसून आहे, कारण या योजनेत महागाई भत्ता नावाची चीजच नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सरकारनं किमान पेन्शन एक हजार केली आणि मोठं काम केल्यासारखे फोटो काढले. त्याच्या आदल्याच वर्षी भगतसिंग कोश्यारींच्या राज्यसभेतल्या समितीनं किमान तीन हजार द्या म्हणून सांगितलं होतं. पुढं हेच गृहस्थ महाराष्ट्राचे राज्यपाल होऊन गेले. तीन हजार काही झाले नाहीत. आपल्या शेजारी बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरात म्हाताऱ्यांनी साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागत जिल्हाधिकारी कचेरीसमोर साखळी उपोषण सुरू केलं. आपल्यापैकी किती पोट्टे त्या मांडवात एक दिवस जाऊन बसले? मीही नाही बसलो.

तेव्हा मालक 'महागाई वाढली' म्हणतात यात खोटं काही नाही. फक्त त्यांची महागाई सरकार भरून देतं, आणि वर ती दुसऱ्यांदा माझ्या बापाकडून वसूल होते.

आणखी एक मौज ऐका. २०२१ साली बाप पासष्टचा झाला तेव्हा मी श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरला. तेव्हा महिन्याला हजार रुपये मिळायचे. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला एकवीस हजार. बापाच्या नुसत्या पेन्शनचे झाले २२,०८०. म्हणजे हजार-ऐंशी रुपयांनी माझा बाप श्रीमंत निघाला! तहसीलच्या खिडकीतून बाहेर येऊन तो जोरात हसला. खरंच हसला. म्हणाला, "पाय बापा, आपुन वरच्या लायनीत गेलो."

आता कर्ज. यात माझं तोंड काळं आहे, म्हणून स्वच्छ सांगतो. २००९ साली मी डी.एड.ला गेलो. जागा मॅनेजमेंटची, डोनेशन साठ हजार. बापानं पतसंस्थेतून काढलं. पोरगा मास्तर होणार होता. २०१२ साली सरकारनं शिक्षक भरतीच बंद केली. डी.एड.ची सनद घेऊन आपली हजारो पोरं या महाराष्ट्रात मोबाईलचे कव्हर विकत बसली, त्यातला मी एक. आज शिकवण्या घेतो, महिन्याला पाच हजार पडतात. पहिलं कर्ज फेडायला दुसरं आलं, दुसऱ्यावर बहिणीच्या लग्नाचं चढलं. ग्रॅच्युइटी आली कधी आणि गेली कधी ते कळलं नाही. सध्या पतसंस्थेचा हप्ता अकराशे. मायच्या नावावर बायांच्या गटाचं कर्ज, दर आठवड्याला साडेसहाशे. एका खाजगी माणसाचे वीस हजार, शेकडा पाच महिना. म्हणजे वर्षाचे साठ टक्के, हजार रुपये नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथं. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. बिनपरवाना सावकाराला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तो माणूस दर महिन्याला मोटरसायकलवरून येतो, चहा पिऊन जातो.

बेरीज करा. बापाची पेन्शन १,८४०. या वयात रात्रीची चौकीदारी करतो त्याचे साडेसहा हजार. माझे पाच हजार. झाले १३,३४०. माय हंगामात कापूस वेचायला जाते, पण तो पैसा पावसावर आहे, धरत नाही. कर्जाला जातात ४,७००. भाडं तीन हजार होतं तेव्हा ५,६४० उरायचे. आता ४,१४०. तीन माणसं, लाईटबिल, दोघांच्या गोळ्या. बापानं परवापासून बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली आहे. मला वाटलं, विसरतो. विसरत नाही, मोजून घेतो.

म्हातारपणी कर्ज फेडणारा, भाड्याच्या खोलीतला पेन्शनर बाप. दोस्तहो, हे चित्र तुम्ही कुठं तरी पाहिलं आहे. सुभेदार रामजी. पलटणीतून निवृत्त झाले, मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. भीमाला पुस्तक पाहिजे असलं की लेकीच्या घरी जायचे, तिचा दागिना आणायचे, गहाण टाकायचे, पेन्शन हातात आली की सोडवून लेकीला परत द्यायचे. आपण दर जयंतीला ही गोष्ट सांगतो आणि डोळे पुसतो. गोष्ट भीमाची म्हणून सांगतो. एकदा ती रामजींच्या बाजूनं ऐका. गहाण, पेन्शन, सोडवणूक, पुन्हा गहाण. १९१३ च्या फेब्रुवारीत ते गेले. आज आपल्या वस्त्यांतून असे किती रामजी आहेत! फरक एवढाच की त्यांची पोरं, म्हणजे आम्ही, भीमराव निघालो नाही. पण त्यांनी काढलेलं कर्ज तेवढंच खरं आहे.

"मग खोली बदला ना." हे मला आपल्याच एका कार्यकर्त्यानं सांगितलं. बदलतो बापा. दोन रविवार मी हिंडलो. धामणगाव रोडला बाई चांगली होती, खोली दाखवली, नळ दाखवला, मग गोडीनं विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं. "यांना विचारून सांगते." आर्णी रोडला थेट गाव विचारलं, गावावरून कळलं नाही तर देव विचारला. दारव्हा रोडला 'आम्ही फक्त व्हेजवाल्यांना देतो'. एकानं फोनवर होकार दिला, मी दारात गेल्यावर त्याच्या भाच्याचं लग्न ठरलं, खोली त्याला लागणार होती. पाटीपुऱ्यात आपली माणसं, पण तिथं माणसावर माणूस आहे, खोली रिकामी व्हायला कोणी मरावं लागतं.

ही माझी एकट्याची रड नाही. आपल्या अमरावतीकडचे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात भाड्याची घरं मागणारी माणसं पाठवून हेच तपासलं, २०१५ साली छापलं. सवर्ण नावाला घर मिळत होतं. दलित आणि मुसलमान नावाला नकार, नाही तर अटी. त्या अटींत एक अट होती जादा भाडं. घटनेचं पंधरावं कलम काढून पाहा. दुकान आहे, हॉटेल आहे, विहीर आहे, तळं, घाट, रस्ता आहे. भाड्याची खोली हा शब्द नाही. बाबासाहेब १९१७ साली शिष्यवृत्तीच्या कराराचं ओझं घेऊन बडोद्याला गेले, तिथं पारशी खानावळीतून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. एवढा शिकलेला माणूस बागेत झाडाखाली बसून रडला. शंभरावर वर्षं झाली. काठ्या गेल्या. 'यांना विचारून सांगते' आलं.

आता पुन्हा आमच्या मालकाकडे वळतो. त्याला हे सगळं ठाऊक आहे. माझ्याहून जास्त ठाऊक आहे, कारण नोकरीत पहिल्यांदा बदली झाली तेव्हा त्यालाही या शहरात कोणी खोली दिली नव्हती. हे घर त्यानं त्या रागावर बांधलं. हे तो स्वतः सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज आजही कापतो. हा माणूस वाईट नाही. त्याच्या बायकोनं माझ्या मायला तापात पेज दिली आहे. पण धामणगाव रोड बंद, आर्णी रोड बंद, दारव्हा रोड बंद, म्हणजे हा कुठं जात नाही, हा हिशेब त्यानं केलेला आहे. वरच्या जातींनी दार लावायचं आणि त्या लावलेल्या दाराचं भाडं आपल्या माणसानं खायचं! तीन हजार खोलीचे. वरचे पंधराशे कशाचे? माझ्या मते ते आमच्या आडनावाचे आहेत.

कायदाही सांगून टाकतो, कारण आपली पोरं पोस्टर चांगली काढतात पण कायदा वाचत नाहीत. विदर्भात पूर्वी सी.पी. अँड बेरारचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. तेव्हा भाडेकरूला काढायची नोटीस द्यायलाही आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. ते गेलं. ३१ मार्च २००० पासून सगळ्या राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला. त्याचं अकरावं कलम म्हणतं, मालकानं भाडं वर्षाला चार टक्के वाढवावं. दुरुस्ती-सुधारणा, वाढलेला कर हे वेगळं. तीन हजारांवर चार टक्के म्हणजे १२० रुपये. पंधराशे नाही, एकशे वीस! पंचावन्नावं कलम म्हणतं, करार लेखी पाहिजे, नोंदलेला पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नसेल नोंदवला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. पावती देणं सक्तीचं आहे. नळ-लाईट तोडता येत नाही. पळवाटही आहे. अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स'चा कागद केला की तुम्ही भाडेकरू राहत नाही, परवानगीवर बसलेले पाहुणे होता. म्हणून मालक उद्या तो कागद पुढं करील, त्यावर घाईनं अंगठा-सही करू नका. एवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं.

हे मी बापाला सांगितलं. तो म्हणाला, "कायदा बरोबर हाय. पन तो आपला मानूस हाय ना बाबू. त्याच्यावर केस टाकू का मी?"

इथं आपण अडकतो. आपला माणूस! २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तेव्हा मालकाचा मुलगा टोपी घालून मोर्चात होता. २००५ नंतर लागलेला, त्याला जुनी पेन्शन नाही. म्हातारपणी काय खायचं, असं तो माईकवर ओरडत होता. बरोबरच ओरडत होता. त्याच्या घराच्या तळमजल्यावर एक म्हातारा गोळी एक दिवसाआड घेतो, हे त्या माईकपर्यंत पोचलं नाही, कारण ते 'घरचं प्रकरण' आहे. समाजाची बदनामी नको. विरोधकांना कोलीत नको. अरे, कोलीत कोणाच्या पोटात पेटलं आहे ते तरी बघा! १९७२ साली पँथर उभी राहिली आणि दलित म्हणजे कोण हे तिनं पुढच्या वर्षी जाहीरनाम्यात सांगितलं. त्यात कामगार होता, भूमिहीन होता, गरीब शेतकरी होता. भाडं वाढवणारा साहेब त्यात कुठं बसतो, हा प्रश्न आपण पन्नास वर्षं पुढं ढकलला, कारण साहेब वर्गणी देतो. मंडप त्याच्या पैशाचा, मग त्याच्या जिन्याखाली आवाज कसा काढायचा?

आपल्या मासिकाच्या पोरांपुढं मी हे परवा मांडलं. दोघं उठून गेले. एकाच्या काकाची तीन घरं भाड्यानं दिलेली आहेत. पाच जण थांबले. ठरलं ते असं की साहेबांच्या घरावर मोर्चा न्यायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, आपल्या माणसाला चारचौघांत उघडा पाडायचा नाही. एक तारखेला सकाळी जिना चढायचा, जयभीम घालायचा. ३,१२० रुपये मोजून टेबलावर ठेवायचे आणि पावतीपुस्तक पुढं सरकवायचं. पुस्तक दत्त चौकातून आणून ठेवलं आहे. बापाला अजून सांगितलेलं नाही.