संगणकाच्या पोटात : 'काय'ची 'गाय' कुणी केली?



आज आधी फळ्यावरचं एक गणित करू. ९९ हा आकडा संगणक ११०००११ असा लिहितो. डावीकडून पहिल्या घराची किंमत ६४, मग ३२, १६, ८, ४, २ आणि शेवटी १. जिथे १ लिहिलाय त्या घरांची बेरीज करा. ६४ + ३२ + २ + १ = ९९. बरोबर? आता डावीकडचा पहिला १ पुसा आणि तिथे ० लिहा. उरले किती? ३५! म्हणजे नव्याण्णव गुण मिळवणारा मुलगा एका शून्यापायी जेमतेम काठावर पास.

अक्षरांचंही तसंच. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. 'क' आणि 'ग' यांच्या क्रमांकांत अशा एकाच घराचा फरक आहे. ते घर चुकलं की 'काय'ची चक्क 'गाय' होते! या घराला म्हणतात बिट.

एरवी संगणक अशा चुका सहसा करत नाही. पण त्याच्या स्मरणशक्तीला, म्हणजे रॅमला, झेपणार नाही इतकं पळवलं की त्या होऊ लागतात. आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. खेळ मध्येच बंद पडतो. निळा पडदा येतो, त्यावर आज एक कारण तर उद्या दुसरंच. काल उघडलेली फाइल आज 'खराब झाली आहे' म्हणते. घरात आरडाओरडा होतो, ''तूच काहीतरी गेम टाकून बिघडवलंस!'' दुकानदार म्हणतो, ''विंडोज पुन्हा टाकू.'' पैसे जातात आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून आज हा रोग ओळखायचा कसा ते शिकू. आई-बाबांनाही शेजारी बसवा बरं का, कारण काही कामं त्यांच्याच हातची आहेत.

रॅम पळते म्हणजे काय?

आपल्या रॅममध्ये एकेका बिटसाठी विजेचा एक चिमुकला साठा असतो. भरला तर १, रिकामा तर ०. ही युक्ती आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. पण हा साठा म्हणजे गळका माठ! डीडीआर४ जातीच्या रॅममध्ये तो दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदात साधारण सोळा वेळा, पुन्हा भरावा लागतो. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर त्याच्या दुप्पट वेळा, कारण उष्णतेनं गळती वाढते.

आता वेग पाहा. डीडीआर५ रॅमच्या खोक्यावर '६०००' असं लिहिलेलं असतं. म्हणजे रॅमच्या एकेका तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात. एका बिटच्या वाट्याला जो वेळ येतो, त्यात प्रकाशसुद्धा फक्त ५ सेंटिमीटर पुढे सरकतो. पट्टीवर मोजून बघा, केवढंसं अंतर आहे ते! तेवढ्या वेळात समोरच्यानं 'हा १ की ०' हे ठरवायचं.

शुद्धलेखनाचा तास आठवा. बाई सावकाश सांगतात तेव्हा सगळ्यांच्या वह्या नीट येतात. बाईंनी वेग वाढवला की काही मुलं तरीही टिकतात, काहींची वेलांटी सुटते, कुणाचा आख्खा शब्द गळतो. मुलं हुशारच असतात, पण प्रत्येकाच्या हाताचा वेग वेगळा. रॅमचंही अगदी असंच आहे.

खोक्यावरचा वेग कुणाचा?

इथे पुष्कळांची फसगत होते. रॅमचे सर्वमान्य नियम जेडेक नावाची संस्था ठरवते. ६००० लिहिलेली रॅम नुसती बसवली तर ती बहुधा ४८०० किंवा ५६०० या नेमाच्या वेगानेच चालते. खोक्यावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक पर्याय चालू करावा लागतो. इंटेलनं २००७ साली आणलेल्या पर्यायाचं नाव एक्सएमपी. एएमडीनं २०२२ मध्ये आणला त्याचं नाव एक्स्पो. तो चालू केला की रॅम जोरात पळते आणि तिला वीजही जास्त दाबाची मिळते. डीडीआर५ला नेमानं १.१ व्होल्ट लागतात, वेगवान पट्ट्यांना बऱ्याचदा १.३५ व्होल्ट दिले जातात.

पण खोक्यावरची हमी असते रॅमच्या पट्टीची. समोर बसून लिहून घेणारा प्रोसेसर आणि मधला मदरबोर्ड यांचं काय? एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचंच पाहा. दोन पट्ट्या लावल्या तर कंपनी ५२०० वेगाची हमी देते, चार लावल्या तर ३६०० ची. चार मुलं एकदम बोलू लागली की ऐकणाऱ्याची तारांबळ उडणारच! म्हणून नंतर आणखी दोन पट्ट्या आणून बसवल्यावर चांगला चालणारा संगणक रुसतो. त्या पट्ट्या हुबेहूब त्याच नावाच्या असल्या तरीही. एका खोक्यातून आलेल्या पट्ट्या एकत्र तपासलेल्या असतात, दोन वेगळ्या खोक्यांतल्या नसतात.

आता शोध घेऊ

विज्ञानाच्या प्रयोगात आपण काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तसंच करायचं. एक वही घ्या. तारीख, काय बदललं, काय झालं असे तीन रकाने आखा. मग ओळीनं चला.

१. आधी सावकाश चालवा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबून बायोसमध्ये जा. एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा आणि बाकी काही हलवू नका. चार दिवस नेहमीसारखं काम करा. त्रास थांबला तर चोर सापडला! तो त्या वेगात होता. ना विंडोजमध्ये, ना तुमच्या गेममध्ये.

२. परीक्षा घ्या. मेमटेस्ट८६+ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करतात. तो रॅमच्या घराघरांत आकडे लिहितो, परत वाचतो आणि जुळतात का ते पाहतो. पाच मिनिटांत समाधान मानू नका, रात्रभर चालू द्या. इथे ३५ टक्क्यांना पास नाही बरं का! शंभर टक्केच हवेत. कोट्यवधी घरांत एक चूक निघाली तरी नापास. आणि पास झाली तरी ती नक्की निर्दोष असं नाही, फक्त चूक अजून सापडलेली नाही. म्हणून खेळताना, लिहिताना काय होतं तेही वहीत टिपत राहा.

३. पट्ट्या पाहा. हे काम मोठ्या माणसासोबतच करायचं. बटण बंद, प्लगही काढलेला. खोक्याच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. पट्टी दोन्ही टोकांना नीट बसली आहे ना? चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. सोबतच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते बघा. नेमाच्या वेगातही चुका येत असतील तर एकेक पट्टी एकाच खाचेत लावून तपासा. एकच पट्टी नापास होत असेल तर ती सदोष आहे. बिल आणि हमीपत्र काढा आणि बदलून मागा. सगळ्याच पट्ट्या त्या खाचेत नापास होत असतील तर खाच बदलून बघा. दोष पट्टीचा नसेलही.

४. बायोस नवं करा. मदरबोर्ड बनवणारे नव्या बायोसमध्ये रॅमविषयीच्या सुधारणा देतात. हेही मोठ्यांचंच काम, आणि रॅम नेमाच्या वेगात असतानाच. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. भारनियमनाची वेळ सोडून करा, यूपीएस असेल तर उत्तम.

५. एक पायरी खाली या. आता एक्सएमपी किंवा एक्स्पो पुन्हा चालू करा, पण वेग ६००० ऐवजी ५६०० ठेवा. बाकी आकडे तसेच. पुन्हा रात्रभर परीक्षा. पास? मग तिथेच थांबा. वेग टिकवायला व्होल्ट वाढवत बसू नका, तो खेळ जाणकारांचा. जास्तीच्या विजेनं प्रोसेसरला इजा होऊ शकते.

पडदा काळाच राहिला तर?

घाबरू नका. डीडीआर५ रॅम बसवल्यावर किंवा सेटिंग बदलल्यावर संगणक पहिल्यांदा रॅमची ओळख करून घेतो. कुठला बिट नेमक्या कुठल्या क्षणी वाचायचा ते पुन्हा पुन्हा करून ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. तोवर पडदा काळा असतो आणि आपण उतावीळपणे बटण दाबून त्याची शिकवणी मोडतो! थोडा धीर धरा.

बराच वेळ थांबूनही काहीच झालं नाही तर बायोसची आठवण पुसावी लागते. त्याची जागा पुस्तिकेत दाखवलेली असते. नाहीतर प्लग काढून मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं काढून ठेवतात. ही बॅटरी मोठ्यांनीच काढावी आणि लहान भावंडांच्या हाती कधीही लागू देऊ नये. ती गिळली तर अन्ननलिका आतून भाजते, जीवावर बेतू शकतं. तसं झालं तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठायचा.

तीन गोष्टी करू नका

रॅमवर संशय असेल तोवर घरातले फोटो, दादाचा प्रकल्प, बाबांचे हिशेब यांची मोठी नक्कल काढू नका. नक्कल रॅममधूनच जाते. तिथे बिट उलटला तर चुकीचीच प्रत जपून ठेवली जाईल, आणि कळेल दोन वर्षांनी! आधी रॅम नेमाच्या वेगात आणा, ती पास होऊ द्या, मग नक्कल काढा. तशा अवस्थेत विंडोजही पुन्हा टाकू नका. आणि एकदम पाच सेटिंगं बदलू नका, नाहीतर बरं कशानं झालं ते कधीच कळणार नाही.

करून पाहा

खोक्यावर वेगाशेजारी 'सीएल' असा आकडा असतो. मागितल्यापासून रॅम किती टिक-टिकनंतर उत्तर देते, तो हा आकडा. त्याला २००० नं गुणा आणि वेगानं भागा, म्हणजे नॅनोसेकंद मिळतील. डीडीआर५, वेग ६०००, सीएल ३० : ३० × २००० ÷ ६००० = १०. आता जुन्या डीडीआर४चा वेग ३२००, सीएल १६ घेऊन करा. काय आलं? तेही १०! आता पायरी उतरलेली रॅम घ्या, वेग ५६००, सीएल ३०. उत्तर येतं १०.७ च्या आसपास.

म्हणजे आपण गमावलं काय? उत्तर मिळण्यात पाऊण नॅनोसेकंदाहूनही कमी, आणि वेगात पंधराव्या हिश्शाएवढं. निबंध लिहिताना, चित्र काढताना हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. खेळात फार तर थोडंसं. त्याबदल्यात ९९ चे ३५ होण्याची टांगती तलवार गेली.

पालकांना एकच विनंती. संगणक अचानक बंद पडला की आधी मुलाला रागावू नका. त्याच्या हातात ती वही द्या आणि शेजारी बसा. चार दिवसांच्या नोंदींवरून चोर शोधायला मुलं शिकली तर ती सवय संगणकापुरती राहत नाही.

आणि हो, एक गृहपाठ. ७५ हा आकडा ० आणि १ मध्ये लिहा. त्यातला कुठला एक बिट उलटला की ११ उरतात? उत्तर पुढच्या अंकात. तोवर वहीत करून ठेवा!