आरमार कोणाचे?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना वाटेत चितेगाव लागते. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील शाळेत आरमाराचा धडा शिकविणाऱ्या शिक्षकाला फळ्यावर लाटा काढून दाखवाव्या लागत असतील, तर नवल नाही. तरीही समुद्र या मुलखाला अगदीच परका नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचे अकीक गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जात, अशी नोंद 'पेरिप्लस' या ग्रंथात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने केली आहे. त्याच ग्रंथात कल्याण बंदराचीही हकीकत आहे. एके काळी तेथे उघड व्यापार चाले. पुढे सत्ता बदलली आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. गलबत तेच, माल तोच. मात्र किनाऱ्यावरचा धनी बदलताच कालचा पाहुणा आज कैदी झाला.

मराठी माणूस आरमाराचा विषय काढतो तेव्हा त्याच्या जिभेवर एक आरोप हमखास येतो : पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून आपलेच आरमार जाळले. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाखाली जे घडले त्यावरून हा आरोप होतो, आणि तो खोटा नाही. पण तो पुरताही नाही. तुळाजी आंग्रे नेमका कोणाचा, हा प्रश्न त्यात कोणी विचारीत नाही.

कान्होजी आंग्रे प्रथम ताराबाईंच्या पक्षाचे होते. 1714 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूस वळविले. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली ती फसली, कारण मागे पेशव्यांची फौज उभी होती. 1729 मध्ये कान्होजी गेले आणि मुलांत दौलतीवरून भांडण पेटले. 1735 मध्ये बाजीरावांनी वाटणी करून दिली : मानाजी कुलाब्यास, संभाजी विजयदुर्गास. एका आरमाराची दोन झाली. पुढे संभाजीने कुलाब्यावर स्वारी केली तेव्हा मानाजीने पेशव्यांचा धावा केला आणि इंग्रजांचीही मदत घेतली. म्हणजे भावाविरुद्ध परक्याला हाक मारण्याचा धडा पुण्याच्या आधी आंग्रे घराण्यानेच गिरविला होता.

संभाजीनंतर आलेला तुळाजी पेशव्यांना जुमानीत नव्हता. आपली सरखेली छत्रपतींची आहे, प्रधानाची नव्हे, ही त्याची धारणा. कायद्याच्या दृष्टीने तिला आधार होता, व्यवहाराच्या दृष्टीने नव्हता. नानासाहेबांनी 1755 मध्ये मुंबईकर इंग्रजांशी तह केला. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, आणि पुढच्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाखाली येऊन ठाकले. तुळाजी तहाची बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेला होता. तोफेचा एक गोळा 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडून आग लागली. हे जहाज मुळात इंग्रजांचेच, आंग्र्यांनी जिंकून घेतलेले! त्या आगीत बहुतेक सारे आरमार भस्मसात झाले. 13 फेब्रुवारीला किल्ला पडला. लुटीची वाटणी कशी करायची हे इंग्रज अधिकाऱ्यांनी आधीच आपसांत ठरविले होते आणि त्यात पेशव्यांचा वाटा धरला नव्हता. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी वाटून घेतली. किल्लाही ऑक्टोबरपर्यंत सोडला नाही; सोडला तो बाणकोट पदरात पाडून घेऊनच. तुळाजी जन्मभर कैदेत राहिला. वॉटसन आणि क्लाइव्ह तेथून बंगालच्या वाटेला लागले. पुढच्याच वर्षी प्लासी झाली.

फितुरी हा शब्द अशा वेळी चटकन सुचतो. त्याआधी भूमध्य समुद्राकडे एकवार पाहणे उपयोगी पडेल. इ. स. पूर्व 494 मध्ये लादे बेटाजवळ आयोनियातील ग्रीक नगरे इराणच्या आरमारासमोर उभी ठाकली. ऐन वेळी सामोस बेटाच्या साठांपैकी एकोणपन्नास नौका शिडे उभारून घरी निघून गेल्या. पुढे सालामिसच्या लढाईत, इ. स. पूर्व 480 मध्ये, आयोनियातील हेच ग्रीक झेर्क्सिसच्या बाजूने अथेन्सविरुद्ध लढत होते. थेमिस्तोक्लीसने पाणवठ्यांवरील दगडांवर त्यांच्यासाठी निरोप कोरून ठेवले होते : आमच्याकडे या, ते जमत नसेल तर निदान मन लावून लढू नका. फार थोड्यांनी ते ऐकले. हालिकार्नासची राणी आर्तेमिसिया तर पाठलाग चुकविण्यासाठी आपल्याच पक्षाच्या जहाजाला धडक देऊन निसटली, आणि झेर्क्सिसने तो पराक्रम समजून तिचे कौतुक केले. हे सारे लिहून ठेवणारा हेरोडोटस तिच्याच नगरचा. आणि थेमिस्तोक्लीस? तो पुढे अथेन्समधून हद्दपार झाला आणि इराणी सम्राटाच्या आश्रयाला जाऊन राहिला.

या माणसांना ग्रीस नावाच्या देशाशी बेइमान म्हणावे, तर तो देश त्या वेळी होता कोठे? निष्ठा होती ती नगराशी, राजाशी, बंदराशी. तुळाजीची निष्ठा साताऱ्याशी, मानाजीची कुलाब्याशी आणि नानासाहेबांची पुण्याच्या सत्तेशी. शिवाजी महाराजांनी उभे केलेले आरमार या तीन निष्ठांच्या खडकांत सापडले. मात्र एवढ्याने नानासाहेब सुटत नाहीत. बंडखोर सरदाराला वठणीवर आणणे हा त्यांचा अधिकार होता. चूक झाली ती वेगळीच : हे काम ज्यांच्या हाती सोपविले त्यांना समुद्रावर दुसरा कोणी नकोच होता, आणि मुंबईत बसून कारभार करणाऱ्यांनी ते कधी फारसे लपविलेही नव्हते. 1721 चा प्रसंग पुणे दरबाराच्या आठवणीतून पस्तीस वर्षांत पुसला जावा, हे मात्र चमत्कारिक वाटते.

विजयदुर्ग परत आल्यावर पेशव्यांनी तेथे पुन्हा आरमार बांधले. आनंदराव धुळपांनी 1783 मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडलेही. पण तोवर इंग्रजांची तटबंदी बाणकोटात पक्की झाली होती.

लादेहून पळालेल्या सामोसच्या ताफ्यातील अकरा नौका मात्र मागे थांबून लढल्या. सामोसकरांनी पुढे आपल्या बाजारपेठेत एक शिलास्तंभ उभारला आणि त्यावर त्या अकरा नौकानायकांची नावे, त्यांच्या वडिलांच्या नावांसह, कोरून ठेवली.