माळ मोकळा आहे, रिकामा नाही

शाळेच्या इमारतीमागच्या माळाचे काय करावे, याची चर्चा सध्या विश्वस्त मंडळात आणि पालक सभेत चालू आहे. उन्हाळी सुट्टीत जेसीबी लावून सगळा माळ सपाट करावा, निम्म्या जागेत खेळाचे मैदान करावे आणि उरलेल्या जागेत जूनमध्ये झाडे लावावीत, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे आणि मैदान तर मुलांना हवेच आहे. तरीही रविवारी सकाळी मुलांना घेऊन या माळावर फिरणारे आम्ही काही शिक्षक व पालक या योजनेशी पूर्णपणे सहमत नाही. आमची कारणे येथे मांडत आहोत.

‘उन्हाळ्यात त्या माळावर असते तरी काय?’ असे आम्हाला नेहमी विचारले जाते. दुपारी रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाळलेले गवत, लाल माती आणि दगड एवढेच दिसणार. त्यासाठी सकाळी सव्वासहाला यावे लागते आणि मुख्य म्हणजे सावकाश चालावे लागते.

रुईचेच झुडूप घ्या. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, एवढी तिची ओळख सर्वांना असते. पण त्याच पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी चरताना दिसते. रुईचा विषारी चीक तिला बाधत नाही. उलट तो तिच्या अंगात साठतो आणि तिचे केशरी फुलपाखरू झाल्यावरही पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. रुईच्या फुलांवर मोठे काळे भुंगे घोंघावत असतात आणि परागीभवनाचे काम तेच करतात. बाजूला भुईरिंगणीची जांभळी फुले आणि पिवळी फळे असतात. दगडाच्या आडोशाला मऊ धुळीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक अळी दडलेली असते आणि घसरून येणाऱ्या मुंगीची वाट पाहत असते. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की काळ्या मुसळीची पिवळी, चांदणीसारखी फुले जमिनीलगत उमलतात. वाकून पाहिले तरच ती सापडतात.

पक्ष्यांची गंमत तर त्यांच्या नावांतच आहे. खाटिक पक्षी टोळ, सरडा पकडून काट्याला टोचून ठेवतो, म्हणून तो खाटिक. डोंबारी नावाचा छोटा चंडोल सरळ वर चढतो आणि पंख मिटून खाली सूर मारतो, पुन्हा चढतो, पुन्हा सूर मारतो. वेडा राघू मधमाशी पकडून फांदीवर आपटतो आणि मगच गिळतो. त्याला वेडा का म्हणावे, यावर सातवीच्या मुलांत बराच वाद झाला. नीलकंठ हा आपल्या कर्नाटकाचा राज्यपक्षी, पण त्याचा कंठ निळा नाहीच, निळे आहेत ते पंख, हे मुलांनीच ओळखले. मराठीत त्याला नीलपंख असेही म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांना फार आनंद झाला.

येथे मराठी शाळा म्हणून आपला एक खास संबंध येतो. बेळगावात मराठी टिकवायची, असे आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात म्हणतो. भाषा पाठ्यपुस्तकात असते, नाटकात असते, तशीच ती अशा नावांतही असते. कोणीतरी पूर्वी नीट पाहिले म्हणून ही नावे पडली. मारुती चितमपल्ली यांनी अरण्यात आयुष्य घालवून पशुपक्ष्यांची अशी शेकडो नावे मराठीत आणली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २००६ साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते याच भाषासेवेसाठी. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. कोशातली नावे मुलांच्या तोंडी यायची असतील तर तो पक्षी मुलांना दिसला पाहिजे. ज्याने डोंबारीचा सूर एकदा पाहिला, त्याला ते नाव पाठ करावे लागत नाही. शेजारच्या कन्नड मित्राला त्याच पक्ष्याचे कन्नड नाव विचारावे, असेही आम्ही मुलांना सांगतो. त्यात आपल्या भाषेचे काहीच कमी होत नाही.

आता मुख्य मुद्दा. सपाटीकरणासाठी एप्रिल-मे हा काळ सोयीचा, कारण शाळेला सुट्टी असते. पण नेमका तोच काळ टिटवीच्या विणीचा आहे. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा करते, भोवती खडे ठेवते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. मातीच्या रंगाची, ठिपके असलेली ही अंडी दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. ऊन वाढले की ती पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात. चंडोलही जमिनीवरच घरटे करतात. जेसीबीच्या चालकाला यातले काहीही दिसणार नाही आणि त्यात त्याचा दोष असणार नाही. टिटवी देखील समुद्र आटवते, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिला जेसीबी मात्र थांबवता येत नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

झाडे लावण्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. झाडाला विरोध करणारा माणूस आज जरा विचित्र वाटतो, याची आम्हाला कल्पना आहे. पण माळ म्हणजे तुटलेले जंगल नव्हे. तिथले जीव मोकळ्यावरच जगतात. चंडोल आणि टिटवी यांना दूरवर दिसणारी उघडी जमीन लागते. झाडे उंच झाली की त्यांवर कावळे बसतात, शिकारी पक्षी बसतात आणि खालच्या अंड्या-पिल्लांना धोका वाढतो. सरकारी दप्तरात अशा जमिनीला पडीक म्हणतात. २००० साली निघालेल्या देशाच्या वेस्टलँड अॅटलासमध्येही झुडपी माळ पडीक जमिनीतच मोजले गेले. या एका शब्दामुळे पुष्कळ माळ गेले. आपल्याच राज्यात हावेरी जिल्ह्यात काळविटांसाठी राखलेले राणेबेन्नूर अभयारण्य आहे. तिथल्या माळरानाचा बराच भाग निलगिरीच्या लागवडीखाली गेला. त्या परिसरात एके काळी माळढोक दिसत असे. ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे, तो आता साऱ्या देशात मिळून दोनशेही उरलेला नाही. शिकार, विजेच्या तारा अशी त्याची आणखीही कारणे आहेत, पण माळच उरला नाही तर तो राहणार कुठे?

आमच्या सूचना थोड्या आहेत. पहिली, मैदान जरूर व्हावे, पण रस्त्याकडच्या निम्म्या भागात, आणि काम विणीचा हंगाम व पाऊस सरल्यावर दिवाळीच्या सुट्टीत करावे. मुलांना मैदान चार-पाच महिने उशिरा मिळेल, हे खरे आहे. परंतु आम्ही मुलांना विचारले तेव्हा क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनीच ‘चालेल’ म्हटले. दुसरी, मागचा निम्मा माळ आहे तसा ठेवावा. तिथे नांगर नको, बी नको, कचरा जाळणे नको. तिसरी, झाडे लावायचीच असतील तर कुंपणाच्या रस्त्याकडच्या बाजूने लावावीत. तिथे मुलांना सावलीही मिळेल. चौथी, पाचवी ते नववीच्या प्रत्येक वर्गाने वर्षातून दोनदा, एप्रिलच्या आरंभी आणि श्रावणात, माळावर फेरी काढून पाहिलेल्याची नोंद वहीत करावी. तीच जागा दोन ऋतूंत किती बदलते, हे कोणत्याही तक्त्यावरून शिकवता येत नाही. या सगळ्यासाठी शाळेला खर्च येतो तो वह्यांचा.

पालकांना विनंती एवढीच, की पुढच्या सभेत मत देण्यापूर्वी एका रविवारी आपल्या मुलाबरोबर यावे. टोपी आणि पाण्याची बाटली आणावी. फुले तोडू नयेत, अंड्यांना हात लावू नये आणि टिटवी डोक्यावरून ओरडत फिरू लागली तर मुकाट्याने मागे फिरावे, कारण घरटे जवळच असते. विश्वस्त मंडळींनाही हेच निमंत्रण आहे. आठच्या आत फेरी संपते, त्यामुळे ऊन लागणार नाही. निर्णय मंडळाचाच आहे. तो माळ पाहून घ्यावा, इतकेच आमचे म्हणणे.