पट्टीवरचा भाव

दोस्तांनो, घरातली औषधाच्या गोळ्यांची एखादी पट्टी आईबाबांना दाखवायला सांगा. (गोळी खायची नाही हं, नुसतं वाचायचं!) मागे बारीक अक्षरात किंमत असते. लांज्याच्या बाजारात आपण भाजीला घासाघीस करतो, औषधाच्या दुकानात मात्र गप्प. पोर तापानं फणफणलेलं असताना कोण घासाघीस करणार? म्हणून अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं. १९९७ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण हे काम बघतं.

२०१३ च्या आदेशातली रीत सातवीतल्या मुलांनाही जमेल. समजा, एकच औषध तीन मोठ्या कंपन्या दुकानदाराला ८, १० आणि १२ रुपयांना देतात. सरासरी १०. त्यावर दुकानदाराचे १६ टक्के. झाले ११ रुपये ६० पैसे, कर वेगळा. याच्या वर जायचं नाही!

फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटवर, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीवर, अशीच मर्यादा आली. लाखाच्या पुढे विकला जाणारा औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. मग सगळ्याच औषधांचे भाव असे खाली का नाही ओढायचे?

माझ्या वर्गात दम्याचा त्रास असलेला एक मुलगा आहे. त्याच्या आईचा प्रश्न नेमका उलटा होता, "बाई, सरकारनंच गोळीचा भाव वाढवला म्हणे?"

वाढवला खरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढली. त्यात दम्याचं साल्ब्युटामॉल, क्षयाचं स्ट्रेप्टोमायसिन, पेनिसिलिनचं इंजेक्शन. कच्चा माल महागला, भाव मात्र बांधलेला. काही औषधं बनवणंच थांबवू द्या, असे अर्ज कंपन्यांनी केले होते. दुकानातच नसलेलं औषध स्वस्त असून काय करायचंय?

पेनिसिलिनचं मला फार वाईट वाटतं. १९५५ मध्ये आपल्या पिंपरीला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात ते बनू लागलं. पुढे चीनचा कच्चा माल इतका स्वस्त पडू लागला, की इथं तो बनवणं बंद पडत गेलं. आता तिकडे भाव चढला, की इकडच्या इंजेक्शनचा हिशेब कोलमडतो.

हे सगळं मी त्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "समजलं बाई. पण माझी मजुरी काय पन्नास टक्क्यांनी वाढली नाही." १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. गोळ्या आधी तिथं विचारा, एवढं मी तिला सुचवलं.