रात्रीत भरून येणाऱ्या जखमा

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांत विश्रांतीचे नियम हा निव्वळ हिशेबाचा भाग आहे, कथेशी वा पात्राच्या स्वभावाशी त्याचा संबंध नाही, असे मत या खेळांचे अनेक चाहते मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात. आम्हांस हे मत मुळीच मान्य नाही. किती वेळ झोपले म्हणजे पात्र किती बरे होते, हे ज्या नियमाने ठरते, त्याच नियमाने ते पात्र माणूस आहे की सोंगटी हेही ठरते, असे आमचे म्हणणे आहे.

हा खेळ ज्यांना अपरिचित असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होतो व जगाचे वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होऊन बोलतात, निर्णय घेतात. यशापयश फासे ठरवतात. थोडक्यात, ही अनेकांनी मिळून तोंडी रचलेली कथाच असते. कथेविषयी आस्था बाळगणाऱ्या मंडळाच्या पत्रिकेत हा विषय परका ठरू नये. शिवाय ज्या घरांत एके काळी रात्री पोथी लागत असे, त्यांपैकी काही घरांतील नातवंडे आज हे फासे टाकीत असतील, तर ती कोणती कथा रचतात याविषयी आपण उदासीन का राहावे?

पात्राच्या तग धरण्याच्या शक्तीला या खेळात ‘हिट पॉइंट’ म्हणतात. १९७९ च्या नियमपुस्तकात ती दिवसाकाठी एका गुणाने भरून येई, आणि चार आठवड्यांच्या अखंड विश्रांतीने कोणीही पूर्ण बरा होई. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हा वेग पात्राच्या पायरीनुसार वाढला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सहा तासांची विश्रांती पूर्ण प्रकृतिस्वास्थ्य देऊ लागली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने एका तासाची लहान व आठ तासांची मोठी अशी विश्रांतीची विभागणी केली. मोठ्या विश्रांतीनंतर सगळे हिट पॉइंट परत मिळतात. २०२४ च्या सुधारित नियमांतही हे औदार्य कायम आहे. महिन्याचे दुखणे एका रात्रीवर आले!

मंत्रांचेही तेच. जॅक व्हान्स यांच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातील मांत्रिकाला एका वेळी मोजकेच मंत्र ध्यानात धरता येतात आणि उच्चारताच ते स्मृतीतून पुसले जातात. गायगॅक्स यांनी ही कल्पना खेळात आणली. तिच्यामागे एक व्यथा होती: ज्ञान आहे, पण ते वापरले की संपते. आज झोपून उठले की सारे मंत्र हजर. परिणामी खेळाडू दिवसाच्या पहिल्याच चकमकीत सारा दारूगोळा उडवतात आणि लगेच अंथरूण पसरतात. त्यांच्याच वर्तुळात याला उपहासाने ‘पंधरा मिनिटांचा दिवस’ म्हणतात.

यात कथेचे काय बिघडले, असे कोणी विचारील. एक प्रसंग कल्पावा. पडक्या गढीत एक बंदिवान आहे. बाहेर चौघे साथीदार, त्यांतील एक घायाळ. रात्र फुकट असेल तर चौघे झाडाखाली झोपतात व सकाळी ताजेतवाने आत शिरतात. पण बरे व्हायला आठवडा लागणार असेल, तर घायाळाला मागे ठेवायचे की बंदिवानाला? जवळच्या शेतकऱ्याचे दार ठोठावायचे, तर त्याच्या मुलाबाळांवर संकट ओढवायचे का? आता चौघांना एकमेकांशी बोलावेच लागते. भित्रा कोण, हट्टी कोण, उपकार विसरणारा कोण, हे तेथे कळते. पात्राचा जन्म त्या बोलण्यात होतो.

कुरुक्षेत्रावरही विश्रांतीचा नियम होता. सूर्यास्ताबरोबर युद्ध थांबे. चौदाव्या दिवशी तो मोडला आणि युद्ध रात्रीही चालले. सैनिक झोपेने अंध झाले, तेव्हा अर्जुनाने चंद्रोदयापर्यंत निजण्याची मुभा दिली. कौरवसैन्यानेही ती मानली आणि दोन्ही दळे रणभूमीवरच झोपली. पुढे सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्या शिबिरावर तुटून पडतो. अर्जुनाची ती करुणा आणि अश्वत्थाम्याचा तो अधर्म आपल्याला जाणवतो, कारण तेथे झोपेला मोल आहे.

आमच्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा, की सुट्टीच्या दिवशी मिळणारे तीन-चार तास आजारपणात का घालवावे? पण ‘तीन आठवडे लोटले’ हे म्हणायला टेबलावर क्षणही लागत नाही. कथेतील काळ खर्च होतो, खेळाडूंचा नव्हे. आणि त्या तीन आठवड्यांत शत्रू स्वस्थ बसत नाही. दुसरा आक्षेप असा, की हिट पॉइंट म्हणजे जखमा नव्हेत, दम आणि दैव यांचा तो हिशेब आहे. ठीक. मग ते परत देणाऱ्या मंत्राचे नाव ‘जखमा बऱ्या करणे’ असे का? तिसरा असा, की चांगले खेळाडू नियम कसाही असला तरी भूमिका रंगवतील. रंगवतीलही, पण जेथे रात्र फुकट मिळते, तेथे ‘आज कोणाच्या ओसरीवर उतरायचे?’ हा प्रश्न कोण कशाला विचारील?

जुने तेच सोने, असे मात्र आम्ही म्हणत नाही. १९७९ च्या संथ नियमाने धर्मोपदेशकाचे पात्र केवळ चालताबोलता दवाखाना बनले, हे खरे आहे. नुसता विलंब कामाचा नाही. विश्रांतीपायी काही निवडावे, काही सोडावे लागले पाहिजे. हे साधलेले खेळ आहेत. २०११ सालच्या ‘द वन रिंग’मध्ये मोहिमांच्या मधला निवासकाळ हा खेळाचाच स्वतंत्र भाग आहे आणि त्यात नायक काय करतात हे खेळाडू स्वतः सांगतात. टोल्कीन यांच्या कादंबरीतील फ्रोडोची जखम रिव्हेंडेलमध्ये बांधली जाते, पण दरवर्षी त्याच तिथीला ठणकते. त्या कथेला शोभणारा हा नियम आहे. २०१३ च्या ‘टॉर्चबेअरर’मध्ये तर पात्राचा स्वभावविशेष स्वतःच्याच विरोधात वापरल्याखेरीज तळावर जखमेची काळजी घेण्याची संधी मिळवता येत नाही.

खुद्द पाचव्या आवृत्तीच्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकातही एक पर्यायी नियम छापलेला आहे: लहान विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. नवे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही, मंत्र बदलावे लागत नाहीत. जे तरुण सूत्रधाराच्या आसनावर बसतात, त्यांना आमची विनंती आहे की पुढच्या मोहिमेत हा नियम लावून पाहावा, आणि आपली पात्रे एकमेकांशी अधिक बोलू लागली की नाही, हे स्वतःच ठरवावे.