बाप्तिस्मा घेतला, बुद्धी गहाण टाकली नाही

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात बोटे मोडली गेली. बाई बाटली, विषय संपला. तिकडच्या मठातल्या सिस्टरांना मात्र विषय आता कुठे सुरू झाल्याचे कळून चुकले, कारण बाप्तिस्म्यानंतरही बाईंचे प्रश्न थांबेनात.

प्रश्न मुळालाच हात घालणारे होते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. पण हे तिघे मिळून एकच देव आणि येशू पित्याच्या बरोबरीचा, हे शास्त्राधारे पटवून द्या, असे त्यांचे म्हणणे. 325 साली नायसियाच्या धर्मपरिषदेत ज्यावरून खडाजंगी झाली, तेच प्रकरण संस्कृत शास्त्रे कोळून प्यालेली एक मराठी विधवा साडेपंधराशे वर्षांनी पुन्हा उघडत होती. त्रैक्य न मानणाऱ्याला तारण नाही असे बजावणारे अथनेशियसच्या नावाचे श्रद्धासूत्र त्यांच्या गळी उतरेना. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील पत्रांतून युक्तिवाद करीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आज्ञाधारकपणाचे धडे देत. रमाबाईंच्या उत्तराचा मथितार्थ असा, की भटांचे जोखड एवढ्या कष्टाने उतरवले ते पाद्र्यांचे मानेवर घेण्यासाठी नव्हे.

वाद देवापुरताच राहिला नाही, ताटापर्यंत आला. अंडे घातलेले पुडिंग बाई खात नाहीत, हा सिस्टरांना जातीचा ताठा वाटला. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हा बाईंचा सवाल. ख्रिस्ती झाले म्हणून पूर्वजांच्या सगळ्या चालीरीती सोडल्याच पाहिजेत, हे त्यांना मान्य नव्हते. आपण ख्रिस्ताच्या झालो, चर्च ऑफ इंग्लंडच्या नव्हे, ही त्यांची धारणा.

हा हट्ट अवास्तव होता काय? पाणी आणि त्रैक्याचे नाव असले की कॅथलिक आणि अँग्लिकन एकमेकांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरतात. चर्च बदलले तरी तो पुन्हा द्यावा लागत नाही. पण प्रभुभोजनाची वेळ आली की हीच भावंडे सहसा वेगळ्या पंगतीला बसतात. बाप्तिस्मा एक आणि मालक अनेक, ही विसंगती रमाबाईंनी नवख्या नजरेने टिपली होती.

मंडळी, म्हणजे चर्च, म्हटली की समान श्रद्धा हवी, हे खरेच. जेराल्डिनबाईंची काळजी अगदीच अनाठायी नव्हती. त्रैक्य वगळून ख्रिस्ती धर्मात काय उरते, हा प्रश्न रास्तच आहे. पण श्रद्धा हुकमाने येत नाही. रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले, की ख्रिस्त त्यांना खऱ्या अर्थाने गवसला तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. केडगावचे आपले मुक्ती मिशन त्यांनी कोणा एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल स्वतः मराठीत आणले. प्रश्नांनी त्यांना मंडळीबाहेर नेले नाही, उलट श्रद्धेच्या अधिक आत नेले.

स्वकीयांनी तरी काय केले? 1893 साली रमाबाईंनी चालवलेल्या पुण्याच्या शारदा सदन या शाळेत धर्मांतराचा संशय उठताच पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी सदनाचे सल्लागारपद सोडले. इंग्लंडात बाई फार हिंदू, पुण्यात फार ख्रिस्ती! विचारून, पारखून धर्म स्वीकारणारी बाई दोन्हीकडच्यांना झेपली नाही.

बाप्तिस्म्याने माणूस मंडळीचा होतो, मंडळीच्या मालकीचा होत नाही. वाँटेजच्या सिस्टरांना हे पचले नाही. आणि धर्मांतर केलेला प्रत्येक जण कोणाच्या तरी आमिषाला भुललेला बावळट, असे समजणाऱ्या आपल्याकडच्यांना ते आजही पचत नाही.