आधी उमेदवारी, मग पदवी



बारावीचा निकाल लागला, की आपल्या जिल्ह्यात एकच प्रश्न घरोघर फिरू लागतो. "साहेब, पोराला आता कुठं घालावं?" खताची चौकशी करायला आलेला माणूस निघता निघता हेच विचारतो. सोसायटीत, चावडीवर, बाजार समितीच्या आवारात लिलाव व्हायची वाट बघत बसलेल्या मंडळीतही हाच विषय निघतो. पूर्वी हा प्रश्न हौसेनं विचारला जायचा, आता काळजीनं विचारला जातो.

काळजी का, ते आपल्याला सांगायला नको. २०२३ चं साल आठवा. ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. नोव्हेंबरच्या शेवटी गारपीट आणि अवकाळीनं निफाड भागातल्या द्राक्षबागा झोडपून काढल्या. त्यातून माणूस सावरतो न सावरतो तोच ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातच बंद झाली. ती ४ मे २०२४ ला उघडली, आणि शुल्क पुरतं जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. अशा सालांमधून जे घर गेलं, त्या घरात सोसायटीचा हप्ता, औषध दुकानदाराची उधारी आणि कॉलेजची फी एकाच वेळी दारात उभी राहते. मग एक तर शेताचा तुकडा गहाण पडतो, नाही तर आईच्या अंगावरचं सोनं जातं.

म्हणून एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसा. पिकाचा हिशेब आपण मांडतो, तसाच शिक्षणाचाही मांडावा. समजा, खासगी कॉलेजची फी, वसतिगृह, खानावळ आणि जाणं-येणं मिळून वर्षाला सव्वा लाख लागतात. चार वर्षांचे झाले ५ लाख. याच चार वर्षांत पोरानं उमेदवारी करून महिन्याला सरासरी ७ हजार जरी मिळवले असते, तरी ४८ महिन्यांचे ३ लाख ३६ हजार होतात. म्हणजे पदवीची खरी किंमत ८ लाख ३६ हजार, वर कर्जाचं व्याज. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या घरचे आकडे आपण घाला. सरकारी कॉलेजात नंबर लागला, शिष्यवृत्ती मिळाली, तर हिशेब एकदम पालटतो, आणि तसं असेल तर मुलाला जरूर पाठवा. पण बुडालेली कमाई बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत, आणि नुकसान नेमकं तिथंच दडलेलं असतं.

आता पदवीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. काही दारं कागदाशिवाय उघडतच नाहीत. राज्य लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेच्या परीक्षेला बसायचं तर कृषीची पदवी लागते. कीटकनाशक विक्रीचा परवाना काढायचा, तर २०१५ च्या नियमांनंतर कृषी किंवा रसायन, वनस्पती अशा विज्ञान विषयाची पदवी, निदान एक वर्षाची कृषी पदविका हवी. गावात कृषी सेवा केंद्र टाकायचं ठरलं असेल, तर तो कागद घेतल्यावाचून गत्यंतर नाही. मी स्वतः पदविकेवर खात्यात लागलो, त्यामुळे कागदाला किंमत नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? माझं म्हणणं एवढंच आहे, की कोणत्या दारासाठी कोणता कागद लागतो हे आधी विचारा आणि मग फी भरा. "शेजारच्याचा गेला म्हणून आपलाही" हे कारण आठ लाखांना पुरत नाही.

दुसरी गोष्ट. मोठमोठे समजले जाणारे धंदेसुद्धा उमेदवारीवरच उभे आहेत. डॉक्टर परीक्षा पास झाला तरी वर्षभर इस्पितळात उमेदवारी केल्याशिवाय त्याला दवाखाना थाटता येत नाही. सीए व्हायचं तर दुसऱ्या सीएच्या ऑफिसात खर्डेघाशी करावीच लागते. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून आपल्या गावात येऊन राहतात, ते कशासाठी? वर्गात शिकलेलं शेतात उतरवल्याशिवाय पुरं होत नाही, हे विद्यापीठालाही मान्य आहे म्हणूनच. डॉक्टरला जी उमेदवारी शोभते, ती आपल्या पोराला कमीपणाची का वाटावी?

उमेदवारीचा कायदा आपल्याकडे १९६१ सालापासून आहे. ३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना त्यांच्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांनी शिक्षणाप्रमाणे महिन्याला किमान ५ ते ९ हजार विद्यावेतन ठरवून दिलं. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल दीड हजारापर्यंत, केंद्र सरकार उचलतं. कारखाने बघायला दूर जायला नको. सातपूर, अंबड, सिन्नर आपल्याच जिल्ह्यात आहेत. ओझरला १९६० च्या दशकात मिग विमानांचा कारखाना आला, तिथं आयटीआय झालेली मुलं शिकाऊ म्हणून घेतली जातात. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर झालेला पोरगा सालाच्या पावसावर अवलंबून राहत नाही, हे कोरडवाहू गावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मात्र उमेदवारीचा निवद दाखवून फुकट राबवून घेणारेही आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. पोरगं कामाला लागण्याआधी चार गोष्टी तपासा. करारनामा सरकारी पोर्टलवर नोंदला आहे का? विद्यावेतन त्याच्या बँक खात्यात जमा होतं का? त्याला यंत्रावर खरंच शिकवतात, की वर्षभर माल उचलायलाच लावतात? आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळणार का? हेही पक्कं ध्यानात ठेवा, की उमेदवारी संपल्यावर कायम करण्याचं बंधन मालकावर नसतं. "चिकटला म्हणजे कायम झाला" या भरवशावर राहू नका. प्रमाणपत्र हातात असेल, तर दुसऱ्या दारावर जाता येतं.

कारखान्याइतकीच मोठी उमेदवारी आपल्या शिवारात चालते, पण तिला कुणी शिक्षण म्हणत नाही. द्राक्षाच्या एका हंगामाकडे बघा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग पेस्टिंग, फेलफूट, डिपिंग, विरळणी. कोणती काडी ठेवायची, किती डोळ्यांवर कापायची, खुंटावर कलम कसं बांधायचं, हे पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्यांतले कारागीर डोळे मिटून सांगतील. त्यांच्या हातावर कोट्यवधीचा माल परदेशी जातो. पण त्यांच्या खिशात त्या कसबाचा एक चिटोरा नसतो. म्हणून उक्त्या दरावर घासाघीस करण्यापलीकडे त्यांच्या हाती काही राहत नाही.

आणि कसब असून पुस्तक नसेल, तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २०१० साली लिहोसिनच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली आणि बागाईतदारांचे हाल झाले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचा पंप चालवायला अक्कल लागते, तशी डब्यावरची सूचना वाचायला आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची हे कळायलाही शिक्षण लागतं. नुसती पदवी घेऊन बांधावर उभा राहिलेला आणि नुसता अनुभव घेऊन पंप पाठीवर घेतलेला, दोघेही अर्धेच. जर्मनीत शेतकरी होण्यासाठीसुद्धा तीन वर्षांची रीतसर उमेदवारी असते, शेतावर काम आणि त्याबरोबर शाळा. आपल्याकडे छाटणी, कलम, फवारणी, ठिबकची दुरुस्ती यांची अशी उमेदवारी निर्यातदार कंपन्या, सहकारी संस्था आणि कृषी खात्यानं मिळून का सुरू करू नये? ही मागणी ग्रामसभेत आणि बाजार समितीत आपणच उठवली पाहिजे.

इथं एक रास्त आक्षेप येतो. "साहेब, शहरातल्यांची पोरं पदव्या घेणार आणि आमच्यांनी पान्हेच फिरवायचे काय?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीला शिवू दिलं नाही, त्यांच्या घरातला पहिला पदवीधर ही नुसती नोकरीची गोष्ट नसते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागितलं, त्यात हिशेब आणि मोडी-बाळबोध लिहिण्या-वाचण्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि गरिबाच्या पोराला 'कमवा आणि शिका' हा रस्ता दाखवला. दोघांनीही अक्षर आणि हात यांची फारकत केली नाही. ती आपण केली.

म्हणून मी पदवी नको म्हणत नाही, क्रम बदला म्हणतो. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. पॉलिटेक्निकची पदविका झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नोकरी सांभाळून पदवी घ्यायची, तर १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकच्याच गंगापूर धरणाजवळ उभं आहे. खालून वर चढण्याची शिडी आहे, आणि पायरीपायरीला पोरगं चार पैसे मिळवत असतं. उलट कर्ज काढून आधी पदवी आणि मग नोकरीची वाट, यात हप्ता आधी सुरू होतो आणि पगार लागेल तेव्हा लागतो. मधली वर्षं पुण्याच्या अभ्यासिकेत जातात आणि वय निघून जातं. स्पर्धा परीक्षा द्यावी, पण किती वेळा आणि कोणत्या वयापर्यंत, ते घरात बसून आधी ठरवून द्यावी.

मुलींबद्दल दोन शब्द. खर्च मुलावर आणि काटकसर मुलीवर, ही आपली जुनी खोड आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. ज्या घरात कर्ज काढून मुलाला पाठवण्याचा विचार चालू आहे, तिथं शिकायला तयार असलेली मुलगी असेल, तर हिशेब तिच्या बाजूनं पडतो. आयटीआय आणि उमेदवारीची दारंही तिला उघडी आहेत.

शेवटी सगळ्यात अवघड गोष्ट. आयटीआय झालेला, हातात कसब असलेला, कर्ज नसलेला मुलगा सोयरिकीत मागं पडतो, आणि आठ लाख बुडवून घरी बसलेला पदवीधर पुढं जातो. मुलगी देताना आपण कागद विचारतो, कसब विचारत नाही. कॉलेजांच्या जाहिरातींपेक्षा हा आपलाच दंडक पोरांना नको त्या वाटेला लावतो. तेव्हा स्थळ बघायला जाल, तेव्हा "किती शिकला?" याच्या जोडीला "काय येतं?" आणि "कर्ज किती?" हेही विचारा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं वडीलधारी सांगत आली. प्रवेशाच्या खिडकीवर पैसे भरण्याआधी एकदा जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन या, प्राचार्यांना भेटा, मागच्या वर्षीची मुलं कुठं लागली ते विचारा. कॉलेजातही जा आणि हाच प्रश्न विचारा. दोन्ही उत्तरं एकाच कागदावर लिहा, पोरालाही समोर बसवा, आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवा.